मास्तरला ताप आला नाही

माझा मामा कटिंग मास्तर. टेबलावर कापडाचे थर अंथरतो, वर खडूनं आखतो आणि कटिंगचं मशीन फिरवतो. खालच्या थरापर्यंत रेघ इकडची तिकडे होत नाही. आमच्या रस्त्यावर त्याला लोक उंटावरचा शहाणा म्हणतात. म्हणोत. मी त्याच्याबरोबर राहते, त्याच्याबरोबर काम करते, तेव्हा तो कसा आहे ते मीच सांगितलेलं बरं. वेडा नाहीये. हट्टी आहे. आणि हट्टी माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय, ते राहणाऱ्यालाच कळतं.

आमचा कारखाना आधी एका मालकाचा होता. बाहेरदेशी विकले जाणारे शर्ट शिवायचे. मग त्या शर्टवाल्या कंपनीला आणखी स्वस्त हात दुसऱ्याच कुठल्या देशात सापडले, आणि एके सकाळी मालक आलाच नाही. मशीनं एवढी जुनी की न्यायची पण लाज वाटली असेल, ती राहिली. सगळे दारात उभे. मामा म्हणाला, मालक गेला, पण शर्ट काय तो शिवत होता? आणि आत जाऊन त्यानं दिवे लावले.

त्या दिवसापासून कुणी मालक नाही. कमाई सगळ्यांना सारखी. फोन आळीपाळीनं घ्यायचा, झाडू आळीपाळीनं मारायचा, मामानंसुद्धा. शनिवारी दुपारी मशीनं बंद करून कटिंगच्या टेबलाभोवती बसायचं आणि ठरवायचं. हात वर करून मोजणी नाही. एकानं जरी नाही म्हटलं तरी ती गोष्ट होणार नाही. मोजणीत काय, जास्तीचे कमीच्यांचे मालक होतात, असं मामाचं म्हणणं. हे ऐकायला छान वाटतं. काजं-बटणं करणारी मावशी पंख्याच्या जागेवरून एकदा नाही म्हणाली, तर अख्खा उन्हाळा पंखा खोक्यात आणि आम्ही घामात.

मी शाळा मध्येच सोडून इथे ओव्हरलॉकच्या मशीनवर बसले. आईनं मला मामाकडे पाठवलं तेव्हा सांगितलं होतं, त्याच्याकडून काम शीक, बोलणं शिकू नकोस. मी दोन्ही शिकले.

मामाचं हे बोलणं पुस्तकातलं नाही. तरुणपणी तो बाहेरदेशी शिवणकामाला गेला होता. तो सांगतो, मी शिवलेला शर्ट माझ्या आधी तिथे पोचला. त्याला कुणी अडवलं नाही. मला मात्र खिडकी-खिडकीवर उभं केलं, बोटांचे ठसे घेतले. तिथे त्याच्या शेजारच्या मशीनवर एक म्हातारी बसायची. तिची भाषा ह्याला येत नव्हती, ह्याची तिला नाही. पण मालक खोटं बोलतोय हे दोघांना एकाच वेळी कळायचं.

एकदा एक पुढारी आला. म्हणाला, परदेशी कंपन्यांनी तुमच्या तोंडचा घास काढला, आमचा झेंडा लावा, आपण आपल्याच माणसाचा कारखाना काढू. मामानं त्याला चहा दिला आणि विचारलं, देशी चपलेनं मारलं तर लागत नाही का? जग जवळ यायला माझी ना नाही, म्हणाला. पण जवळ आणतोय कोण? माल हिंडतो, पैसा हिंडतो, माणूस तेवढा खुंटीला. सरकार म्हणतं आम्ही मध्ये पडत नाही, बाजार ठरवेल. आणि कारखान्याला टाळं लागतं तेव्हा दारात पोलीस कुणाचे असतात? तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. पुढाऱ्यानं चहा अर्धा ठेवला. बाहेर जाऊन सांगितलं की हा कंपनीचा माणूस आहे. कंपनीवाले आधीच म्हणत होते की हा झेंडेवाल्यांचा आहे.

ह्या सगळ्यात मामाचा एक माणूस होता. इस्त्रीवाला. आमची दारं समोरासमोर, एकाच जिन्यावर. त्याची बायको गेलेली, मामानं लग्नच केलं नाही. सकाळी दोघं एकच पेपर अर्धा-अर्धा वाचायचे, मग भांडत कामाला जायचे, भांडत परत यायचे. कारखान्यात मामाला सगळे तुम्ही म्हणायचे, हा एकटा अरे-तुरे करायचा. मामा हसलेला मी पाहिलाय तो फक्त ह्याच्यासमोर.

मग ती ऑर्डर आली. मोठी. वर्षभर मान वर करायला फुरसत मिळणार नाही एवढी. कंपनीचा माणूस नमुन्याचा शर्ट घेऊन आला, टेबलावर ठेवला, आणि स्वतःहूनच सांगून बसला. म्हणाला, हे काम दुसरीकडे चालू होतं, पण तिथल्या बायका मशीनं बंद करून बसल्यात, रोज घोषणा. तुमचं नशीब उघडलं. तो हसला. आमच्यातले पण काही हसले. मामानं शर्ट उलटा केला, आतली शिवण बोटानं चाचपली. ठरलं की शनिवारी बोलू.

मला ती ऑर्डर हवी होती. मी मामाला तोंडावर सांगितलं. सगळ्यांनाच हवी होती, कारण त्या महिन्यांत निम्मी मशीनं झाकूनच असायची. आणि मामा काय म्हणणार ते सगळ्यांना त्यानं शर्ट उलटा केला तेव्हाच कळलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी इस्त्रीवाला आमच्याकडे आला. समोरचं दार, पण त्या दिवशी पायात चपला घालून आला. बसला. म्हणाला, "मास्तर, उद्या तुला ताप आहे."

मामा म्हणाला, "मला? मी तर ठणठणीत आहे."

"ऐक. जो टेबलाला नसतो त्याचं ‘नाही’ धरत नाहीत. तूच केलेला नियम आहे. तू झोपून राहा. आम्ही हो म्हणतो. तुझा शब्द पण राहिला, आमचं काम पण राहिलं."

मला ते एकदम पटलं. एवढी सरळ वाट, आणि कुणाचंच नाक कापलं जात नाही. मामानं विचारलं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय का. इस्त्रीवाला म्हणाला, मी ठरवलंय, बाकीचे वाट बघतायत. आणि मग खाली बघत म्हणाला, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, मास्तर."

खरंच मागितलं नव्हतं.

शनिवारी मामा आंघोळ करून सगळ्यांच्या आधी टेबलाला जाऊन बसला. मी त्याच्या मागून गेले. लोक आत येत होते आणि त्याला बघून तोंड पाडत होते. इस्त्रीवाल्यानं आत पाऊल टाकलं, मामाला बघितलं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. रोज शेजारी बसायचा.

मामा नाही म्हणाला. त्या बायकांनी मशीनं बंद केलीत ती एकाच भरवशावर, की त्यांच्या वाटचं काम दुसरं कुणी उचलणार नाही. ते उचलणारे आपण व्हायचं नाही. एवढंच बोलला. मावशी म्हणाली, "स्वतःच्या चुलीत विस्तव नाही आणि मास्तर निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." कुणी हसलं नाही. मामा म्हणाला, भाजतोय खरा. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यांनी मिळून नियम मोडला असता तर त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. पण मोडला नाही. सगळे उठून आपापल्या मशीनला गेले. मला वाटतं ते मामाला जास्त लागलं.

ऑर्डर काही हवेत विरली नाही. मोठ्या रस्त्यावर एका ठेकेदारानं पत्र्याची शेड घातली, तिथे गेली. म्हणजे त्या बायकांचं काय भलं झालं, देव जाणे. शेडवाल्यांना माणसं हवी होती. आमच्याकडून एकेक जण जायला लागला. न भांडता. शनिवारी टेबलाला बसून सांगायचा, मी सोमवारपासून येत नाही. मामा मान हलवायचा. मावशी गेली तेव्हा रडली, आणि जाता जाता पंखा खोक्यातून काढून स्वतःच्या हातानं लावून गेली.

शेवटी इस्त्रीवाला. त्यानं इस्त्रीची वायर गुंडाळली, टेबलावरची चादर झटकून घडी घातली. ह्याला त्या चादरीची घडी घालताना मी कधी पाहिलं नव्हतं, तो ती तिथेच टाकून जायचा. मग दारात उभा राहिला. बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. मामा खडूचे तुकडे डब्यात भरत होता. भरलेले ओतून परत भरत होता. मला वाटलं आता बोलेल. आता तरी. इस्त्रीवाल्यानं नाडी बांधली आणि तो गेला.

आता आम्ही दोघंच. उशांचे अभ्रे, पिशव्या, कुणाची पँट आखूड करून दे. एवढ्या मोठ्या जागेत माझ्या मशीनचा आवाज भिंतीला आपटून परत येतो. शनिवारी मामा तरीही टेबलाला बसतो आणि रिकाम्या स्टुलांकडे बघत विचारतो, कुणाचं काही म्हणणं? सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर येईना. सकाळी तर त्याहून वाईट. इस्त्रीवाल्याच्या शेडची पाळी लवकर. समोरचं दार वाजलं की मामा आमच्या कडीवर हात ठेवून उभा राहतो, पावलं जिन्यावरून पूर्ण उतरेपर्यंत. मग कडी काढतो. पेपर आता अख्खा घेतो, आणि अर्धाच वाचतो.

एका शनिवारी त्यानं विचारलं, कुणाचं काही म्हणणं? मी म्हटलं, माझं आहे.

"ऑर्डरचं सोड," मी म्हटलं. "त्याला थांब का नाही म्हणालास?"

मामा म्हणाला, "जाणाऱ्याला अडवायचा नियम आपण केलेला नाही. मी अडवलं असतं तर मग मालकात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मला असा राग आला की काय सांगू. मी म्हटलं, "मामा, थांब म्हणणं हुकूम नसतो. ती विनंती असते. तो तुझ्याकडे मागायला आला होता ना? तो काय तुझा मालक झाला?"

मामानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आखलेल्या रेघेबाहेर कापलंय. मग उठला, खडूचे हात धुतले आणि चप्पल घातली.

शेडच्या फाटकावर पहारेकरी होता. त्यानं विचारलं कोण, कशाला. मामानं कोण ते सांगितलं, कशाला ते त्याला सांगता येईना. आम्ही रस्त्यापलीकडे थांबलो. पाळी सुटली तशी माणसं बाहेर आली, सगळी एकाच राखाडी शर्टात. मावशीनं आम्हाला पाहिलं, हात केला, पण ती बसच्या रांगेत होती. इस्त्रीवाला आला. मामाला बघून थबकला. मग रस्ता ओलांडून आला.

मामा म्हणाला, "मी तुला थांब म्हणायला हवं होतं."

"म्हणाला असतास तरी थांबलो नसतो," इस्त्रीवाला म्हणाला. "पण म्हणायचं होतंस."

मामा म्हणाला, आता म्हणतो, ये परत. इस्त्रीवाल्यानं हसल्यासारखं केलं. काय इस्त्री करू, उशांचे अभ्रे? मामा म्हणाला, हो. तेवढ्यात मागे शेडच्या बसनं भोंगा दिला. इस्त्रीवाला म्हणाला, गाडी जाईल. आणि गेला. बस आमच्याच घराच्या बाजूला जाते, पण पासाशिवाय त्यात चढता येत नाही. आम्ही चालत निघालो. वाटेत मामा त्या राखाडी शर्टाच्या कॉलरबद्दल बोलत राहिला, कशी वाकडी बसवलीय, कसं कुणी बघत नाही. घर येईपर्यंत तेच.

जिना चढून वर आलो तर समोरच्या दाराखाली उजेड दिसत होता. मामा दोन दारांच्या मध्ये उभा राहिला. हात वर केला, खाली घेतला. किल्ली शोधायला लागला, ती त्याच्या हातातच होती.

मी समोरचं दार जोरात ठोठावलं, त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि एकटीच आमच्या घरात शिरले. बाहेर दार उघडल्याचा आवाज आला. बोलण्याचा मात्र बराच वेळ आला नाही.