मगदूम वकिलांच्या नावावरचे शब्द

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी आडवी होते, फोन पोटावर धरते आणि रोजचा खेळ उघडते. अमुक अक्षर ज्यात येतं असे इंग्रजी शब्द शोधा, एवढाच खेळ. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी खोड जात नाही. आज एक्स आलाय. चार शब्द सुचतात, पाचवा काही सुचत नाही. बाहेरच्या खोलीत आमचे हे सिलिंडरवाल्याशी फोनवर हुज्जत घालतायत. तो आवाज हळूहळू लांब जातो.

"चारच?" कुणीतरी म्हणतं.

पलंगाच्या पायथ्याशी आण्णा उभे आहेत. माझे वडील. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली आणि ते मला आत्ताही पक्कं ठाऊक आहे, पण भीती वाटत नाही. सदऱ्याच्या कोपरांवर शाई आहे.

"बी.ए., बी.एड. न्हवं का तू? आणि चारच?"

"मग तुम्ही सांगा."

"चल की."

मी उठते तर पायाखाली आमच्या घरच्या टाइल्स नाहीत, छापखान्याची गार शहाबादी आहे. इचलकरंजीच्या या छापखान्यात आण्णा जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलायचे आणि त्यांच्या ओळी जुळवायच्या, हे काम. शिक्षण मराठी सातवी. आमच्या आण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, असं मी कॉलेजात सांगत असे. धादांत खोटं. अक्षरं सगळी येत होती, शब्दांचे अर्थ येत नव्हते. खिळ्यांच्या लाकडी केसमधलं प्रत्येक अक्षराचं घर त्यांच्या हाताला पाठ होतं.

आता ते केससमोर उभे राहून डोळे मिटतात. हात कडेच्या एका लहानशा घरावर जाऊन थांबतो.

"एक्सच्या घरात हात कवा कवा गेलता, तेवढं आठवायचं. नगरपालिकेची पावती, टी ए एक्स. टाकीजची तिकिटं, बी ओ एक्स. सूतगिरणीचं लेटरहेड, टी ई एक्स टी..."

"त्याचा अर्थ काय, आण्णा?"

"अर्थ गिऱ्हाइकाला ठावं. आपण खिळं लावायचं."

ते सांगतात आणि मी लिहिते. माझ्या हातात नववीची वही आहे आणि तो अख्खा रविवार आहे. शाळेत एक्सच्या शब्दांची स्पर्धा होती आणि त्या रविवारी आण्णा जेवायलासुद्धा उठले नव्हते. तीस वर्षांची कामं त्यांनी डोळ्यांसमोरून नेली, लग्नपत्रिका, पेपर, औषधांची लेबलं. एक्स असलेले एकसष्ट शब्द निघाले. शब्दकोश आमच्या घरी नव्हताच.

पान उलटते, तर शाळेचा हॉल. गोगटेबाई माइकवर आहेत.

"एकसष्ट शब्द! दुसऱ्या नंबरला एकोणीस आहेत. हेमलता, खरं सांग, तुला मदत कुणी केली?"

आण्णा मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी उभे आहेत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कामाच्याच कपड्यांत आलेत. पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या, इंजिनिअरच्या मुली बसल्यात. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी इथेच उभी राहून मी म्हणाले होते, आमच्या शेजारच्या मगदूम वकिलांनी. मगदूम वकिलांनी मला कधी पेन्सिलसुद्धा दिली नव्हती.

पण आता मी त्रेसष्ट वर्षांची आहे. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. आण्णांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा हात जोडून मनातल्या मनात खरं सांगायचं कबूल केलं होतं. मी माइक हातात घेते, घसा साफ करते.

"मगदूम वकिलांनी," मी म्हणते.

टाळ्या पडतात. मागे आण्णाही टाळ्या वाजवतात. तेव्हाही वाजवल्या होत्या.

लाजेनं माझे कान तापतात. माणसाला दुसऱ्यांदा संधी मिळावी आणि त्यानं जुनंच शेण खावं, तशी मी. गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे जाते. पिंपाशी पोचेपर्यंत आमच्या जुन्या घराची मोरी झालीय. आण्णा घासलेटच्या बोळ्यानं बोटं पुसतायत.

"आण्णा, मी परत तेच बोलले हो."

"ऐकलं की."

"मग रागवा तरी!"

"रागवायचं काय त्यात? वकिलाचं नाव छापायला बरं दिसतंय." ते हे अगदी सरळ बोलतात, टोमणा नाही काही नाही. तेच मला सोसत नाही.

"मला माफ करा, आण्णा."

"मला कशाला सांगतीस? यादी कुणाची ते मला ठावं हाय. पुस्तकात चूक ऱ्हायली तर छापखान्याला सांगून काय उपेग? ज्येंच्या हातात पुस्तक गेलंय, त्येंना शुद्धिपत्र द्याचं."

ते माझ्या डाव्या हातात खिळे जुळवायची पितळी पट्टी ठेवतात. "अंगठ्यानं खिळ्यांची वळ दाबून धर. सोडलास की सांडली."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसून जुळवते. अशुद्ध: मगदूम वकील. शुद्ध: माझे वडील. आण्णा वाकून बघतात. त्यांना उलटी ओळ सुलट वाचता येते.

"मधी जागा सोड जराशी. हां. किती प्रती काढू?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? किती जणांस्नी सांगितलंस तू?"

मी आठवू लागते. गोगटेबाई. हॉस्टेलच्या मैत्रिणी. नोकरीच्या मुलाखतीला बसलेले तिघे. पाहायला आले तेव्हा हे. माझी मुलगी, तिलाही वकीलकाकांची गोष्ट म्हणून मी हीच सांगितली. आणि माझा निवृत्तीचा निरोपसमारंभ. तिथे दीडशे माणसांसमोर मी म्हणाले, इंग्रजीची गोडी मला शेजारच्या एका वकिलांनी लावली. तेव्हा तर आण्णा जाऊन सतरा वर्षं झाली होती. ज्यांची लाज वाटायची ते तिथे नव्हतेच, तरी मी तेच म्हणाले.

"आण्णा, फार आहेत हो."

"अगं, अंगठा! अंगठा धर!"

मी दचकून जागी होते. उन्हं भिंतीवर आलीयत. हे चहाचा कप घेऊन उभे आहेत.

"अंगठा एवढा का दाबून धरलायस? दुखतोय का?"

मी मूठ उघडते. डाव्या अंगठ्याच्या पेरावर बारीक उभे वळ उठलेत, एकाला एक चिकटून, अगदी सरळ रांगेत. चोळून बघते. जात नाहीत.

"बसा जरा," मी म्हणते. "तुम्ही मला पाहायला आला होतात, तेव्हा मी शाळेतल्या बक्षिसाची एक गोष्ट सांगितली होती."

"ती मगदूम वकिलांची?" हे लगेच म्हणतात. एकोणचाळीस वर्षं झाली, पण ह्यांच्या लक्षात आहे.

"तीच," मी म्हणते. चहा गार होत असतो. "ते शब्द मला आण्णांनी दिले होते."