दांडा वर गेला नाही

यजमान गेल्यापासून दोन वर्षं मी देवापुढे दिवा लावला नव्हता. सांगायला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आता मी आणि सासूबाई, दोघीच. हे पहाटे झोपेतच गेले. शेजारी असून मला जाग आली नाही. त्या दिवशी भरल्या घरात सासूबाई मला म्हणाल्या, “तुझ्या लक्षात कसं गं आलं नाही?” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, पण ते वाक्य माझ्या मनातून हललं नाही. त्यांचं पथ्य, इन्सुलिन, सगळं मी वेळच्या वेळी करत होते. बोलत मात्र कामापुरतंच होते.

गेल्या माघात त्यांनी हट्ट धरला, एकदा माहूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं. वय अठ्ठ्याहत्तर, पुन्हा जमेल न जमेल. नेणारं दुसरं कोणी नव्हतं. यांच्या माघारी मी गाडी शिकले होते, पण ठाण्याच्या पलीकडे कधी नेली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळीच आमची जुंपली. इन्सुलिन टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, दर्शनाआधी काही खाणार नाही. मी आवाज चढवला. मग दोन घास पोहे कसेबसे खाल्ले आणि मागच्या सीटवर जाऊन गप्प बसल्या.

समृद्धी महामार्ग सरळच सरळ. दोन्ही बाजूंना ऊन, वाळलेलं गवत, मधूनच एखादा पूल. वाटेत थांबलो तेव्हा मी डबा पुढे केला. त्या “नको” म्हणाल्या आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एरवी मी ऐकलं नसतं; त्या दिवशी रागानं ऐकलं. दुपारी आरशात पाहिलं तर त्यांची मान कललेली. झोप लागली असेल असं वाटलं, आणि मला बरं वाटलं. ती शांतता मला हवीहवीशी वाटली, हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. आता मध्ये कुठे न थांबता थेट माहूर गाठायचं, असं मी मनाशी ठरवलं.

कारंज्याला महामार्ग सोडताना टोलनाका लागला. सकाळी महामार्गावर चढताना काचेवरचा फास्टॅग क्षणात वाचला गेला होता. इथे मात्र समोरचा दांडा वर गेला नाही. गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तरी नाही. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी नाक्यावरची एक बाई हातातलं मशीन घेऊन बाहेर आली. काचेवर मशीन धरता धरता तिची नजर मागे गेली आणि तिचा हात थांबला.

“ताई, या आजी झोपल्या नाहीत,” ती म्हणाली. “पाहा ना, एसी लावलाय तरी अंगाले घाम किती. शुगर हाय का त्याइले?”

मी मागे वळले. हाक मारली, हलवलं. डोळे अर्धवट उघडे, ओठ हलत होते, शब्द नव्हते. तुझ्या लक्षात कसं आलं नाही, एवढंच कानात घुमत राहिलं. ती बाई मात्र धावत जाऊन साखर घेऊन आली. “पाणी नका पाजू, ठसका लागंन. माह्या मायलेबी असंच होते,” म्हणत तिनं बोटानं ओली साखर त्यांच्या गालाच्या आत चोळली. तिच्या सोबत्यानं नाक्याजवळच उभी असलेली ॲम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर नंतर म्हणाले, साखर फारच उतरली होती, अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं. माहूर तिथून दोन तासांहून लांब होतं.

संध्याकाळी दवाखान्यात सासूबाईंनी डोळे उघडले. माझा हात धरून म्हणाल्या, “मला माझंच कळलं नाही गं. तुला तरी त्याचं कसं कळलं असतं? मी उगाच बोलले तुला.” मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. यांच्या मागे पहिल्यांदाच अशी रडले.

दोन दिवसांनी माहूरला गेलो. त्या पायथ्याशी बसल्या, मी पायऱ्या चढले. मातेपुढे उभं राहून विचारायचे प्रश्न मी दोन वर्षं साठवले होते. तिच्यासमोर एकही आठवला नाही. नुसते हात जोडले गेले.

परतताना नाक्यावर ती बाई भेटली. मी वाकले तशी ती संकोचून मागे सरकली. “काय करता ताई, ड्युटी होती जी माही.” टॅग त्या दिवशी का चालला नाही, ते मी तिला विचारलं नाही. आमच्यासमोर तो दांडा आडवा राहिला, एवढं मला पुरे आहे.

सगळं माझ्याच लक्ष ठेवण्यावर चाललं आहे, असं मी समजत होते; म्हणून जे निसटलं त्याचा गुन्हाही माझाच वाटत होता. आता माझ्या हातात आहे तेवढं मी करते, बाकीचं रेणुकामातेच्या पायाशी ठेवते. रोज दिवा लावते. आणि गाडी चालवताना मधूनमधून मागे सासूबाईंना हाक मारते, “आई, बऱ्या आहात ना?”