बदलीची धर्ममाता

शिंप्याच्या दुकानात मागच्या खिडकीखाली ती चाळीस वर्षं काजं करत बसली. कापणारा वेगळा, शिवणारे वेगळे. हिच्याकडे फक्त काजं आणि बटणं. सगळे तिला काजवाली मावशी म्हणत. तिच्या हातचं काज शर्ट फाटला तरी उसवत नसे, पण गिऱ्हाईक कौतुक करायचं ते शिंप्याचं. चर्चमध्येही तिचं तेच झालं होतं. जिथे कमी, तिथे मावशी.

बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता लागते. ती बाळाला धरते, त्याच्या वतीने सैतानाला नकार देते, पेटलेली मेणबत्ती हाती घेते आणि या मुलाला श्रद्धेत वाढवायला मदत करीन, असा शब्द देते. एवढं मोठं नातं, पण आईबाप धर्ममाता निवडतात ती बहुधा ऐपत बघून. ती लांब असते, तिची रजा मंजूर होत नाही, विमान चुकतं. अशा वेळी तिच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं तरी चर्चला चालतं. मग फादर म्हणायचे, "मावशींना निरोप धाडा." नोंदवहीत धर्ममातेच्या रकान्यात त्या लांबच्या बाईचं नाव लागे आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात, मावशीचं. अशी एकोणीस बाळं झाली. फोटोत बहुतेक वेळा तिचं कोपर तेवढं यायचं.

सोहळा आटोपला की मंडळी जेवायला पळत आणि मेणबत्ती बाकावरच राही. मावशी ती घरी आणायची. तिच्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात एकोणीस अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या होत्या आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: बाळाचं नाव, तारीख. ज्याची तारीख येई त्याची मेणबत्ती ती मिनिटभर लावायची, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि विझवून परत ठेवायची. शब्द दिलाय तर पाळायला नको? त्यातली काही मुलं आता मिसरूड फुटलेली. रस्त्यात तिला धक्का देऊन पुढे जात. ही कोण, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

विसावं बाळ भाचीचं होतं. भाऊ आणि वहिनी लागोपाठ गेले, तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या झग्यापासून लग्नाच्या पोशाखापर्यंत सगळं मावशीने केलं. बाळ झालं तसं तिने पांढरं झबलं शिवायला घेतलं, त्याला तांदळाएवढी पाच काजं केली आणि विचारणा व्हायची वाट बघत बसली. एकदा तरी आपलं नाव शेऱ्यात नको, रकान्यात लागावं. बाईने जन्मात दुसरी हाव धरली नव्हती.

रविवारी भाची आली. "आत्या, बाप्तिस्मा ठरला गं. पुढच्या रविवारी."

"बरं झालं."

"ह्यांच्या चुलतबहिणीला धर्ममाता केलंय. तिला यायला नाही जमणार, पण ह्यांचा आग्रहच आहे. तिच्या जागी तू राहशील ना उभी?"

मावशीने ओवलेली सुई पुन्हा ओवायला घेतली.

"वाईट नाही ना वाटलं? तू काय, घरचीच."

"मला मेलीला कसलं वाईट वाटतंय," मावशी म्हणाली. पण तिला वाटलं होतं, आणि फार वाटलं होतं.

पुढच्या रविवारी ती बाळाला घेऊन उभी राहिली. फादरांनी नेहमीचा प्रश्न विचारला: या आईबापांना मदत करायला तुम्ही तयार आहात का? एकोणीस वेळा सहज आलेलं उत्तर द्यायचं सोडून ती आज झबल्याचं काज चाचपत राहिली. फादर चष्म्यावरून बघू लागले, भाचीने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे "आहे" निघालं. तीनदा पाणी पडलं. बाळ रडलं नाही, तिच्याकडेच बघत राहिलं.

नोंदवहीवर सही करताना तिने विचारलं, "फादर, दुसऱ्याच्या जागी उभं राहून दिलेला शब्द मला लागू होतो का हो?"

"छे, मावशी," फादर हसले. ते तरुण होते, मनाने चांगले. "तो शब्द तिचा. तुम्ही मोकळ्या. उगीच ओझं घेऊ नका."

ओझं उतरवलं, असं त्यांना वाटलं. मावशीच्या डोळ्यांपुढे पत्र्याचा डबा आला. तिने मान हलवली आणि मेणबत्ती पदराआड धरून बाहेर पडली. दारापर्यंत पोचते तोच भाची मागून धावत आली.

"आत्या, मेणबत्ती तुझ्याकडे आहे ना? दे. ह्यांच्या त्या ताईंना पाठवायची आहे, धर्ममातेची आठवण म्हणून."

मावशीने दिली.

संध्याकाळी घरी येऊन तिने चिठ्ठी लिहिली: नाव, तारीख. पण बांधायची कशाला? शेवटी वीज गेल्यावर लागते म्हणून फळीवर ठेवलेली मेणबत्ती तिने खाली काढली, चिठ्ठी तिला बांधली आणि पेटवली. खोलीत विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रश्नही तिनेच विचारला.

"तयार आहात का?"

"आहे," ती म्हणाली. "मी आहे."

मग मेणबत्ती विझवून तिने डब्यात ठेवली. ती इतरांपेक्षा जाड होती. झाकण काही नीट बसलं नाही.