चौकटीवर ठेवलेला मुका

पनवेलच्या इस्रायल आळीत गर्शोमच्या घरामागचं अंगण बेताचंच होतं. एका कडेला विहीर, समोरच्या कडेला परसातली एकटी खोली, आणि मधोमध कपडे वाळत घालायची दोरी. एवढ्याशा जागेत त्या साली जो खेळ चालला, तसा मोठमोठ्या नाटकगृहांतही कुणी पाहिला नसेल. नटी एकच. प्रेक्षकही एकच, आणि तोही कोणत्या क्षणी उठून जाईल याचा नेम नसलेला.

नटी म्हणजे हेप्झिबा, गर्शोमची बायको. नाटक तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आपट्याला पाताळगंगेच्या काठी वाढलेली, हसरी, बडबडी मुलगी लग्न होऊन पनवेलला आली आणि नगरपालिकेतल्या एका अबोल कारकुनाचा संसार तिनं बोलका केला. झिल्पा झाली तेव्हा तर घराचं अंगणच झालं. पोरीला खेळवायला हेप्झिबा वेगळा वेळ काढत नसे. घरातलं काम हाच दोघींचा खेळ. भाकरी थापायला बसली की पिठाचा एक गोळा पोरीच्या हातात. त्याची चिमणी व्हायची, मग चिमणीचा साप व्हायचा, आणि शेवटी तो साप तव्यावर भाजून गर्शोमच्या ताटात पडायचा. चादरीची घडी घालताना दोन टोकं आईकडे, दोन लेकीकडे, आणि मध्ये गर्शोमची टोपी टाकून ती उडवायची. "अहो, तुमची टोपी आज मुंबईला जाऊन आली बरं का," असं हेप्झिबा सांगायची, आणि तो गंभीर माणूस टोपी झटकून तितक्याच गंभीरपणे विचारायचा, "मग माझ्यासाठी काय आणलंन?"

देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा हेप्झिबाच्या खोकल्यातून रक्त पडलं.

क्षय. हा शब्द तेव्हा लोक दार लावून उच्चारत. मुंबईहून नवी इंजेक्शनं येत होती, ती सुरू झाली. डॉक्टर भले होते, पण गुण येईल का, असं विचारलं की बॅग आवरायला लागत. त्यांनी हेप्झिबाची रवानगी परसातल्या खोलीत केली आणि अंगणातल्या दोरीकडे बोट दाखवलं. "मूल या दोरीच्या पलीकडे. आई अलीकडे. यात दयामाया नाही."

झिल्पा तेव्हा चार वर्षांची. पहिले काही दिवस ती दोरीपाशी बसून घसा बसेपर्यंत रडली. मग रडायची थांबली. घरातल्यांना हायसं वाटलं. हेप्झिबाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

पोरीला सांभाळायला गर्शोमची बहीण रेबेका येऊन राहिली होती. प्रेमळ बाई. स्वतःला मूलबाळ नाही. तिचा नवरा डेव्हिड मुंबईत नोकरीला होता आणि आळीतल्या बऱ्याच ज्यू कुटुंबांसारखं त्यांचंही इस्रायलला जायचं ठरत आलं होतं. रेबेकानं झिल्पाला जेवूखाऊ घातलं, न्हाऊमाखू घातलं, कुशीत निजवलं. त्यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

एका दुपारी झिल्पा विहिरीच्या पायरीवरून घसरली. गुडघा सोलला. हेप्झिबा खोलीच्या दारात बसली होती. ती ताडकन उठली आणि दोरीपाशी येऊन थबकली. पोर उठली, दोघींकडे पाहिलं, आणि रेबेकाकडे धावली. "आई, लागलं!"

"अगं, आत्या म्हण, आत्या," रेबेका म्हणाली. पण ती हे फार हळू म्हणाली. ते हळूपणच हेप्झिबाच्या काळजात घुसलं.

त्याच संध्याकाळी रेबेका दोरीपाशी येऊन उभी राहिली. "वहिनी, रागावणार नसाल तर बोलते. आमचे कागद आता केव्हाही येतील. झिल्पाला आमच्याबरोबर पाठवा. तुम्ही बऱ्या झालात की या मागून."

"आणि नाही झाले बरी तर, वन्स?"

रेबेकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तर पोरीला निदान कुणीतरी आई असेल."

गर्शोम ओसरीवर उभा होता. हेप्झिबानं त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा काढून पुसत राहिला.

"कागद येईपर्यंत पोरगी माझी," हेप्झिबा म्हणाली. "तोवरही ती तुम्हांलाच आई म्हणत राहिली, तर न्या. मी आडवी येणार नाही."

बोलून तर गेली. पण हात लावायचा नाही, पापा घ्यायचा नाही, जवळ घ्यायचं नाही, घास भरवायचा नाही. मग चार वर्षांच्या मुलानं आईला आई म्हणावं ते कशावरून? हेप्झिबा रात्रंदिवस एवढाच विचार करायची. आणि मग तिनं खेळ मांडला.

आधी वाल. मोड आलेले वाल रेबेकानं दोन वाडग्यांत वाटून दिले. एक वाडगा दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. सालाच्या टोकाला चिमटा काढला की आतलं बिरडं टुणकन उडतं. "बघू, कुणाचं लांब जातं!" हेप्झिबानं मुद्दाम स्वतःचं पायाशी पाडलं, कपाळावर हात मारला, "हरले गं बाई" म्हणून डोळे फिरवले. पोर खुदकन हसली. आईला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात घरातून रेबेकाची हाक आली, "झिलू, दूध!" आणि प्रेक्षक उठून गेला. वाडगा तसाच राहिला.

मग आरसा. हातआरशात ऊन धरून हेप्झिबा कवडसा पलीकडे सोडायची. तो भिंतीवर चढायचा, विहिरीच्या काठावर बसायचा, झिल्पाच्या पोटावर येऊन नाचायचा. झिल्पा दोन्ही हातांनी त्याला पकडायला धावायची. पण कवडसा पकडता पकडता ती आरशाकडे बघायची, आरसा धरणारीकडे नाही. हेप्झिबाच्या ते ध्यानात आलं त्या दिवशी तिनं आरसा पालथा घातला. मग रुमालाचा उंदीर केला, तो मनगटावरून पळवला. बोटांना काजळाचे डोळे काढून सासू-सुनांचं भांडण लावलं. पाच बोटांचे पाच आवाज काढायची. दम लागायचा, तरी काढायची. बरं चाललं की पोर टाळ्या पिटायची आणि तरीही जाताना रेबेकाच्या कडेवर जायची.

जासईहून डोक्यावर मीठ घेऊन येणारी गुणाबाई एकदा हे बघत उभी राहिली. पाटी उतरवून म्हणाली, "बाय गो, पोरीशी असा लांबशी काय खेलतंस? बाजारान भाव केल्यावानी!"

"जवळ यायची बंदी आहे, गुणाबाई. विसरत चाललीय ती मला."

"कशी इसरल? माजा नवरा आठ म्हयने मिठागरावं असतं, पन पोरांनी बापाला इसरला नाय."

"ते कसं काय?"

"मी रोज शिव्या घालतंय नं त्याला! आमचे घरान दुसरा नावच नाय निगत!"

कितीतरी दिवसांनी हेप्झिबा मोकळी हसली. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याला थांबा मिळेना. फडकं तोंडाशी धरून ती दोनदा वाकली. सावरून पाहते तो पलीकडे झिल्पानं आपली चिंध्यांची बाहुली आडवी निजवली होती, तिच्या तोंडाशी कापडाचा तुकडा धरला होता, आणि स्वतः खॉक् खॉक् करत होती. "ही आई," तिनं गुणाबाईला सांगितलं. "हिच्या जवळ जायचं नाही."

गुणाबाईनं पाटी उचलली.

आता या आळीतल्या लोकांची एक रीत सांगायला हवी. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक छोटी नळी तिरपी ठोकलेली असते, तिला मेझुझा म्हणतात. आत धर्मवचन लिहिलेली गुंडाळी असते. येताजाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. विचार करून कुणी ते करत नाही. हात आपोआप वर जातो. हेप्झिबाच्या खोलीच्या दारालाही मेझुझा होता. खोलीतून ती अंगणात आली की बोटं चौकटीला, बोटं ओठांना, पुन्हा चौकटीला.

एके दिवशी सकाळी ती जागी होती, पण डोळे मिटून पडली होती. दाराशी पावलं वाजली. दाराच्या फटीतून पाहिलं तर गर्शोम, कडेवर झिल्पा. कचेरीत जायच्या आधी तो तिला दोरीअलीकडे घेऊन आला होता.

"घे," तो कुजबुजला. "आई रोज इथं तुझ्यासाठी मुका ठेवून जाते."

पोरीनं चौकटीवरच्या नळीला बोटं लावली, ओठांना लावली. "गोड आहे," ती म्हणाली. "उद्याचा ठेवलाय का तिनं?"

"ठेवेल ना."

आयुष्यात कधी विनोदही नीट न सांगता आलेल्या माणसानं हा खेळ रचला होता! हेप्झिबा उशीत तोंड खुपसून रडली. तिनं तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. दोरी काय, डॉक्टर काय, सगळं तिला ठाऊक होतं. पण ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिली. एवढंच नाही, तर त्या दिवसापासून बाहेर पडताना तिची बोटं मेझुझावर जास्त वेळ टेकायला लागली. इतके खेळ मांडून जे तिला मिळालं नव्हतं, ते या एका खेळात रोज सकाळी मिळत होतं.

मग झिल्पाला ताप आला. तापाबरोबर खोकला.

रेबेका तरातरा खोलीपाशी आली. "दादानं मला सगळं सांगितलंय, वहिनी. दारावरचं. तुम्हांला माहीत होतं?"

हेप्झिबानं मान हलवली. होतं.

"आई ना तुम्ही?" रेबेका एवढंच म्हणाली.

डॉक्टर येईपर्यंत हेप्झिबा अन्नाला शिवली नाही. गर्शोम ओसरीच्या खांबाला टेकून बसून होता. त्याला बोलवावं असंही तिला वाटेना. आपणच पोरीचा जीव घेतला, आपल्या हातांनी, आणि तेही प्रार्थनेच्या हातांनी. देवाकडे मागायचं तर कोणत्या तोंडानं? डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. ताप साधा वाटतो म्हणाले, दोन दिवसांत उतरेल. चौकटीचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा रोग जातो तो बहुतेक श्वासातून. पण मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ते पुसून घेत जा, आणि पोर इकडे आणू नका."

ताप उतरला. त्याच आठवड्यात डेव्हिडचं बोलावणं आलं. कागद झाले होते.

झिल्पा पुन्हा अंगणात खेळायला आली तेव्हा हेप्झिबा फिनेलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन दाराशी उभी होती. ज्या नळीला लहानपणापासून नुसतं बोट लावतानाही मान लवायची, ती नळी ती मोरी घासावी तशी घासत होती. डोळ्यांत फिनेलची झळ होती की आणखी काही, तिलाच कळत नव्हतं.

"आई!"

झिल्पा दोरीपाशी उभी होती. "आई, माझा मुका पुसू नको!"

हेप्झिबाचा हात थांबला नाही.

"माझा आहे तो! बाबा म्हणाले, माझा आहे!" आणि पोर वाळत घातलेल्या चादरीखालून सरळ अलीकडे आली. दोन्ही हात वर केलेले, उचलून घे म्हणून.

हेप्झिबाच्या घशात खोकल्याची उबळ दाटली. आता येणार, थांबणार नाही. पाठीशी दार, पुढ्यात लेक, मध्ये चार पावलं. ती लेक कित्येक महिन्यांनी आपल्या पायांनी तिच्याकडे येत होती.

तिनं फडक्याचा हात उगारला. "चालती हो! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ! नकोस मला तू, जा!"

असा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. झिल्पा जागच्या जागी गोठली. मग ती वळली आणि चादर अंगावर ओढून घेत, अडखळत पलीकडे धावली. रेबेका विहिरीपाशी होती. पोरीनं तिच्या कमरेला मिठी मारली.

"आत्या, आई रागावली! आत्या, आई मला नको म्हणते! तू सांग ना तिला! मला आईकडे जायचंय, आत्या, मला आईकडे ने!"

रेबेकाचा हात पोरीच्या केसांवर होता, तो तिथेच राहिला. मग दोरीपलीकडून म्हणाली, "वहिनी, ऐकलंत?"

हेप्झिबानं ऐकलं होतं. ती पाठमोरी होती, फडकं तोंडात कोंबलेलं, कपाळ दाराला टेकलेलं.

"मी ह्यांना कळवते," रेबेका म्हणाली. "आम्ही दोघंच जाऊ. हिला तिथं नेऊन मी कुणाच्या नावानं रडू देऊ?" तिचा आवाज फुटला. तिनं पोरीला ओसरीवरून धावत आलेल्या गर्शोमच्या हाती दिलं आणि एकटीच विहिरीच्या काठावर बसली.

"आई, इकडे बघ ना!" झिल्पा बापाच्या खांद्यावरून ओरडत होती. "मी नाही येणार तिकडे! नुसतं बघ!"

हेप्झिबानं तोंड फिरवलं नाही. तो चेहरा पोरीला दिसला असता, तर जगातली कुठलीही दोरी तिला अडवू शकली नसती. गर्शोम पोरीला घरात घेऊन गेला. रडणं माजघरातून स्वयंपाकघराकडे दूर दूर गेलं आणि बंद दारामागे बुजून गेलं. मग हेप्झिबा उंबऱ्यावर खाली बसली, आणि इतका वेळ अडवून धरलेला खोकला तिनं सोडला.