मारकडबाईंचा फसलेला पाठ

मारकडबाई वर्गाला प्रश्न विचारायच्या आणि लगेच पोरांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक हापसा, एक बाभूळ आणि त्यापलीकडं कालव्याच्या फाट्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस. तरी बाई बघत राहायच्या. वर्गात कुजबुज व्हायची, पेन्सिली वाजायच्या, मग हळूहळू एकेक हात वर जायचा. बाई तरीही वळायच्या नाहीत. मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी हे दारातून पाहिलं आणि मला वाटलं, बाई पोरांवर रुसल्या आहेत. मधल्या सुट्टीत विचारलं तर हसल्या.

"अगं, पोरं लई हुशार असत्यात. ती गणित सोडवत न्हाईत, मास्तरचं तोंड सोडवत्यात. मी नुसती भुवई उचलली तरी उत्तर बदलत्यात. म्हणून तोंडच काढून घ्यायचं."

शेळगावच्या पुढं, अंथुर्ण्याच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग, तीन खोल्या. बाईंकडे चौथी, माझ्याकडे तिसरी, आणि पहिली-दुसरी मुख्याध्यापक काळेसरांकडे. बाई मेंढपाळाच्या घरातल्या. वडील दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता भाऊ ऊस करतात, मेंढरं गेली. पण बाईंच्या बोलण्यातून ती कधी गेली नाहीत. मी एकदा कुरकुरले की तीस पोरांकडे वेगवेगळं लक्ष देणं माणसाच्या हातचं नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या बापाला दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखू यायची. कुठलं लंगडतंय, कुठलं कालपासनं खात न्हाय, समदं ठावं. आन् आमाला पगार घेऊन तीस पोरं कळू नयेत व्हय?"

मी मात्र वेगळ्याच तोऱ्यात शाळेत आले होते. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्च्यांची पत्रकं छापायचे, मी त्यांच्या घड्या घालत वाढले. अन्याय कुठे आहे हे मला लांबूनच कळतं, असा माझा समज होता. एका शनिवारी बाई माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या. मी समतेवर पाठ घेतला. आवाज चढवून, टेबलावर हात आपटून. पोरं धडाधड उत्तरं देत होती. मी खूश. तास संपल्यावर बाईंनी एक कागद पुढं केला. त्यावर वर्गातल्या बसण्याच्या रांगा काढलेल्या, प्रत्येक पोराचा एक चौकोन, आणि जो जितक्यांदा बोलला तितक्या चौकोनात रेघा. तीन चौकोन रेघांनी भरलेले. बाकीचे कोरे. मुलींची अख्खी रांग कोरी.

"समता समता वरडत हुतीस," बाई म्हणाल्या, "आन् बोलली तीनच पोरं. ती बी पुढारी, सोसायटीवाला आन् दुकानदार ह्यांचीच."

कुणी मला इतक्या साध्या कागदावर खोटं पाडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी बाईंची झाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शिक्षकानं शिक्षकाच्या वर्गात बसावं. दर शनिवारी त्यांच्या वर्गाचं दार आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उघडं असावं. त्यांनी यावं, मागे बसावं, आणि बाईंचं काय चुकलं ते तोंडावर सांगावं. "डॉक्टर डॉक्टरला इचारतो. डायवर डायवरला इचारतो. आमीच तेवढं दार लावून घेतो आन् तीस वरसं तीच चूक करतो." त्यासाठी केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांची, परवानगी हवी होती, आणि तीच मिळत नव्हती. कारण मागच्या वर्षी एक अधिकारी भेटीला आले तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी शेरा मारला: शिक्षिका अध्यापन करताना आढळल्या नाहीत. केंद्रातल्या शिक्षकांना तेवढं पुरलं. कळसकडच्या एका शाळेतले जुने शिक्षक बनकरतात्या तर भर बैठकीत म्हणाले होते, "बाई, तुमच्या खिडकीतनं आज काय दिसलं? आमालाबी सांगा, आमी बी पोरांकडं पाठ करतो."

शेवटी केंद्रप्रमुखांनी अट घातली. पुढची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक, आमच्या शाळेत. तिथं बाईंनी चाळीस शिक्षकांसमोर नमुना पाठ घ्यावा. पाठ पटला तर शनिवारच्या वर्गाला परवानगी. नाही पटला तर विषय कायमचा बंद.

नमुना पाठ म्हणजे काय, हे शाळेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी आठवडाभर तालीम होते. कोणता प्रश्न, कोणाचं उत्तर, कधी टाळ्या, सगळं ठरतं. हुशार पोरं पुढं येतात. ज्यांना येत नाही त्यांना त्या दिवशी घरी ठेवतात, नाहीतर अंगणवाडीच्या खोलीत खेळायला बसवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. काळेसरांनाही वाटलं नाही. त्यांनी चार नावं काढली, पहिलंच नाव तनुजाचं. तनुजाचा बाप कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. पोरगी कामाला चलाख, पण आकड्यांपुढं बसली की जीभ टाळूला चिकटायची.

बाई म्हणाल्या, "सर, वर्ग म्हंजी समदी पोरं. चार काढली तर ते शिकवणं न्हाय, लग्नातलं रुखवत झालं."

"बाई, तुमचीच परवानगी अडकलीय," काळेसर वैतागले. "मला काय, चहा-पोह्याचा खर्च तेवढा."

"अडकू द्या."

आणि इथं मी ती चूक केली. परिषदेच्या आदल्या दुपारी बाई पंचायत समितीच्या कामासाठी इंदापूरला गेल्या होत्या. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. बाईंच्या वहीत उद्याचा प्रश्न मी वाचला होता: अपूर्णांक, भाकरीचे भाग. मला तात्यांचं हसणं आठवलं, तो शेरा आठवला. बाई हरता कामा नयेत, एवढंच डोक्यात होतं. मी दार लावलं आणि तालीम घेतली. एका भाकरीचे सारखे तीन भाग केले आणि तशाच दुसरीचे सारखे चार, तर कुठला तुकडा मोठा? तीनातला. का? "कारण भाग कमी केले की प्रत्येक भाग मोठा होतो." तनुजाकडून हे वाक्य मी पंधरा वेळा म्हणून घेतलं. हात सगळ्यांनी वर करायचे, हेही सांगितलं. मी, जी ढोंगाविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या भिंतीला चिकटून, रांगांच्या कडेनं, दारात शिक्षक. केंद्रप्रमुख खुर्चीत. बाईंनी भाकरीचा प्रश्न विचारला आणि वळल्या. पुऱ्या वळल्याही नव्हत्या, तेवढ्यात अख्ख्या वर्गाचे हात सळकन वर. तनुजा उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "तीनातला तुकडा मोठा, कारण भाग कमी केले की प्रत्येक भाग मोठा होतो."

"वा!" केंद्रप्रमुख म्हणाले. मागे टाळ्या पडल्या. काळेसरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तात्यांनीसुद्धा मान हलवली. परवानगी तिथंच, त्या क्षणाला, बाईंच्या पदरात पडली होती. फक्त पुढं चालायचं होतं.

बाई वळल्या. "तनू, आन् पाच भाग केलं तर?"

तनुजानं मान वळवून मागे माझ्याकडं पाहिलं. बाईंनी ती नजर कुठं जाते ते पाहिलं. मग त्यांनी फडकं घेतलं आणि फळा पुसला. अगदी कोपऱ्यातल्या तारखेपर्यंत.

"साहेब, हे उत्तर माझ्या वर्गाचं न्हाय," त्या केंद्रप्रमुखांना म्हणाल्या. "पोरांना शिकवून ठेवलंय. पाठ परत पहिल्यापासनं घेते."

काळेसर दाराजवळून पुटपुटले, "बाई, अहो कशाला..." पण बाई पोरांकडे वळल्या होत्या. उसाचं एक कांडं, पाच जणांत सारखं वाटलं. तसंच दुसरं, सहा जणांत. कुणाच्या वाटणीचा तुकडा मोठा? आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

एकही हात वर गेला नाही. कुणाचा तरी मोबाईल वाजला. कुणीतरी खोकलं. मला जमीन फाटावी असं वाटत होतं. खूप वेळानं तनुजाचाच हात अर्धा वर आला.

"सहातला."

मागे हशा पिकला. बाई वळल्या, फळ्यावर लिहिलं: तनुजा, सहातला. "बरं. का गं?"

"सहा मोठं हाय म्हून."

"आसंल. अजून कुणाचं काय?"

एकजण म्हणाला, पाचातला. दुसरी म्हणाली, दोन्ही सारखेच, कांडं सारखंच हाय की. बाईंनी सगळी उत्तरं लिहिली, बरोबर कुठलं ते सांगितलं नाही. पोरं आपसांत भांडायला लागली. "आरं, मानसं वाढली की वाटा कमी व्हतो, लग्नात जिलबी कमी पडती तसं!" "पर सहाच वाटं हायत ना, पाचापेक्षा जास्त!" तनुजा गप्प नव्हती. चुकीचीच बाजू घेऊन ती तावातावानं भांडत होती, आणि मी तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. घंटा झाली तेव्हा निम्मा वर्ग सहाच्या बाजूला होता. पाठ संपला नव्हता. उत्तर फळ्यावर आलंच नव्हतं.

बाईंनी हात झटकले आणि मागच्या भिंतीकडं बघून म्हणाल्या, "पाठ अर्धा राह्यला. मी कुठं चुकले, सांगा."

परिषदेत पाठानंतर "छान, छान" म्हणून चहाला जायची रीत. असा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नव्हता. मी उभी राहिले. म्हटलं, तालीम मी घेतली होती, बाईंना माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "ते कळलंय मला. बस. पाठाबद्दल कायतरी सांग."

केंद्रप्रमुखांनी कपाळ चोळलं. "बाई, फसलेल्या पाठावर मी परवानगी कशी देऊ? वर काय कळवू?"

तेव्हा बनकरतात्या भिंतीपासून सुटून पुढं आले. वर्गातल्या पोरांकडं, मग फळ्याकडं पाहिलं. "बाई, मी सांगतो कुठं चुकलं. तुमी कांडं नुसतं तोंडानं मोडलं. बाहेर एवढा ऊस हुबा हाय. पोरांच्या हातात दिलं असतं तर धा मिनिटांत निकाल लागला असता. पोरं हवेत तुकडं पाडत बसली."

"व्हय," बाई म्हणाल्या. "खरं हाय, तात्या. हे मला सुचाय पायजे हुतं."

त्या एका "व्हय"नं खोलीतलं काहीतरी सैल झालं. एक मॅडम म्हणाल्या, तुम्ही सगळी उत्तरं एकदम लिहिलीत, पोरं गोंधळली. दुसरे म्हणाले, माझ्या वर्गात मी एवढं थांबतच नाही, तीन आकडे मोजायच्या आत मीच उत्तर देतो. मग बोलणं थांबेना. चहा बाहेर गार झाला. केंद्रप्रमुख जाताना "बघू" एवढंच म्हणाले. तात्या चप्पल घालता घालता म्हणाले, "परवानगी कशाला लागती दुसऱ्याच्या वर्गात बसाय? शनवारी सुट्टी झाल्यावर मी येतो, तुमी पोरं तासभर थांबवा. न्हायतर तुमीच या माझ्याकडं. पर हसायचं न्हाय."

"तुमी हसला हुता की."

"म्हून तर म्हणतो!"

सगळे गेल्यावर मी रडायच्या बेतात बाईंपुढं उभी होते. त्या रागावल्या नाहीत. फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "तू माझी अब्रू राखाय गेलीस. पर त्या पोरीला काय शिकवलंस, ठावं हाय? की तिच्या डोस्क्यातलं कामाचं न्हाय, तुझं वाक्य कामाचं. ते पुसाय मला महिना लागंल." महिना लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी उसाची कांडी आणली, कोयता आणला, आणि तनुजानं स्वतःच्या हातानं सहा तुकडे पाडून, तोंडात बोट घालून, "आयला, बारीक झालं की!" असं म्हटलं. तो माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा दिवस होता, आणि त्यात माझा वाटा काहीच नव्हता.

कागदावरची परवानगी आजतागायत आलेली नाही. शनिवारचा वर्ग मात्र सुरू झाला. आधी तात्या एकटे. मग पाच जण. मग बाई आपल्या जुन्या स्कुटीवर कळसला जाऊन तात्यांच्या वर्गात बसल्या. आज आमच्या भागात कुठल्याही शाळेत पाठ चालू असताना दार ढकलून आत बसता येतं. हे कुठल्या आदेशानं झालेलं नाही. एका बाईनं चाळीस जणांसमोर मिळालेल्या टाळ्या परत केल्या, म्हणून झालं. मी हे अभिमानानं लिहिते आहे आणि कुणी मला आवाज कमी करायला सांगू नये.

गेल्या हिवाळ्यात बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी वर्ग घेतला. पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठ्याण्णव वजा करायचे होते. मागे आम्ही काहीजण बसलो होतो. त्यांत त्याच महिन्यात रुजू झालेले वाघमोडेसर होते, अजून नीट कुणाशी ओळख न झालेले. पाठ संपल्यावर व्हरांड्यात बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठं चुकलं?" आज कोण चूक सांगणार? बाहेर काळेसर निरोपाच्या खुर्च्या मांडत होते.

वाघमोडेसर चाचरत म्हणाले, "बाई, एक होतं. तिसऱ्या रांगेतल्या श्रेयानं हातचा न घेता केलं होतं. दोनशे अठ्ठ्याण्णवपासून तीनशेला दोन, तिथून पुढं पाचशे तीनला दोनशे तीन, म्हणून दोनशे पाच. बरोबर होतं. तुम्ही फळ्यावरची रीत उतरवायला सांगितलीत, तर तिनं स्वतःचं रबरानं खोडून टाकलं."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी काळेसरांना हाक मारली, "सर, सुट्टीला किती अवकाश हाय?"

"दहा मिनिटं. पण बाई, पाहुणे येऊन बसलेत."

"बसू द्या."

त्या परत वर्गात गेल्या. श्रेयाच्या हातात खडू दिला, तिला फळ्याकडं पाठवलं आणि स्वतः खाली पोरांत तिच्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसल्या. श्रेयानं घाबरत घाबरत, भरभर सगळं लिहून टाकलं.

"मला समजलं न्हाय," बाई म्हणाल्या. "परत सांग. सावकाश."