पंप धुतलेलं पाणी आणि माझा पुदिना

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या पुदिन्यावर कसलंच औषध पडत नाही. ते चुकीचं होतं. ज्यांनी माझ्याकडून पुदिना नेला, त्यांनी तो कृपया खाऊ नये.

आज रविवार म्हणून घरी होते. आबांनी, माझ्या वडिलांनी, पपईवर फवारणी करून आल्यावर नेहमीसारखा पंप अंगणातल्या नळाखाली धुतला. ते पांढरं पाणी थेट माझ्या वाफ्यात जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

धावत शेजारच्या अक्कांकडे गेले. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना. ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर माझ्याच पुदिन्याची कैरी घातलेली चटणी खात होती. मी सगळं सांगितलं.

अख्खं गाव तेच खातं, त्यानं काय होतं, म्हणत अक्का हसल्या. "बठ्ठं गाव तेच खास, काय व्हस माय?"

लेक हसली नाही. हातातला घास ताटात ठेवून तिनं विचारलं, "किती दिवसांपासून?"

महिनाभर रोज मीच जुडी देत होते.

घरी येऊन वाफ्यातला सगळा पुदिना उपटून टाकला आणि पंप इथे धुऊ नका म्हटलं, तर आबा चिडले. "मंग पंप काय तुना डोकावर धवू?"

तुमच्याकडे पंप कुठे धुतात? आजच बघा.

दवाखाना आज बंद आहे. उद्या, सोमवारी सकाळी, फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घेऊन मी अक्कांच्या लेकीला डॉक्टरांकडे नेणार आहे.