पाच नटांवर पिवळी रेघ

मंडळी, आधीच सांगतो. इथे लोक करणी, भानामती, पांढऱ्या साडीतली बाई असलं काही लिहितात ना, तेव्हा मी खाली हसण्याची कमेंट टाकणाऱ्यातला आहे. तळोज्याच्या एका केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. आवाज आला तर कुठेतरी काहीतरी ढिलं असतं, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण कुठेतरी लिहायलाच हवं. घरात हा विषय काढला की बायको उठून आत जाते.

आम्ही पनवेलचे. म्हणजे आमचं गाव पनवेलला चिकटूनच, आता गाव म्हणायचं नुसतं, चारी बाजूंनी टॉवर आहेत. आमच्याच जागेवर बांधलेलं घर – खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर मी, बायको रेश्मा आणि आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. त्याच प्लांटमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. शुगरने किडन्या गेल्या, मग डावा पाय गुडघ्याखाली कापला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, खारघरला. शुक्रवार ते सोमवार हा मोठा गॅप असतो, अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "काहीही करा, पण सोमवार चुकवू नका."

रिक्षात त्यांना बसता यायचं नाही. आमची जुनी हॅचबॅक होती, तिच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं घालून मी न्यायचो. आणि त्या गाडीचे पुढचे बॉल जॉइंट गेले. खड्डा आला की चाकातून खटाक्! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – माणसाच्या खुब्यात कसा गोळा असतो, तसा गाडीच्या पुढच्या चाकाला असतो. तो निसटला की चाक आडवं पडतं, गाडी जागेवर बसते.

गॅरेजवाला म्हणाला, मंगळवारी आणा. मी म्हटलं, मंगळवारी काय तुझी पूजा करायला आणू? दोन्ही जॉइंट विकत आणले आणि रविवारी सकाळी स्वतःच पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवली.

आता आप्पांची एक गोष्ट सांगायला हवी. प्लांटमध्ये त्यांचा नियम होता, "कसनारा एक, बगनारा दुसरा." ज्याने नट कसला त्याने स्वतः तपासायचा नाही. दुसऱ्याने येऊन पाना लावून बघायचं, आणि त्या बघणाऱ्यानेच नट आणि बोल्टवरून एक आडवी पिवळी रेघ मारायची. रेघ असेल तर काम झालं. नसेल तर मशीन चालू करायचं नाही, मॅनेजर बोंबलला तरी. आप्पांची पिवळ्या रंगाची छोटी डबी आणि ब्रश अख्ख्या प्लांटला ठाऊक होता. रेघ मारताना शेवटी ते ब्रश किंचित वर उचलायचे, त्यामुळे टोकाला छोटी शेपटी यायची.

मला तो नियम म्हणजे जुनाट कटकट वाटायची. एकाच प्लांटमध्ये असताना आमची त्यावरून दोनदा चांगली जुंपली होती.

एकूण सहा नट. प्रत्येक बाजूला दोन लहान, आणि एक मोठा, जो गोळ्याला धरून ठेवतो आणि ज्यात आरपार पिन घालायची असते. उजवी बाजू पूर्ण केली. डावीकडचे दोन लहान कसले. मोठा नट हाताने फिरवून नुसता बसवला, तेवढ्यात जिन्यावरून रेश्माची हाक. "अवो, वर या जेवाया. आनि आप्पा इचारतान, चेक कोन करतंय?"

माझं डोकंच फिरलं. वर गेलो, हात धुतले, पानावर बसलो. समोर पलंगावर आप्पा, रेश्मा त्यांना भात भरवत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोन बगतंय रं खाली?"

"मीच कसतो, मीच बघतो," मी म्हटलं. "माझ्याकडे टॉर्क रेंच हाय. बरोबर कसला की कट्ट वाजतो. तुमचा जमाना गेला, आप्पा."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भातही पुढे खाल्ला नाही. रेश्मा माझ्याकडे अशी बघत होती की बस्स.

अर्ध्या तासाने खाली आलो. गेटला मी लावलेली कडी तशीच. उजव्या चाकाजवळ वाकलो... आणि तिन्ही नटांवर पिवळी रेघ. अंगठा लावला तर ओली! टोकाला छोटी शेपटी.

घाबरलो का? नाही. खोटं कशाला सांगू, मला राग आला. शेजारच्या चुलतभावाला असल्या टवाळक्यांची भारी हौस, आप्पांचा नियमही त्याला पाठ. म्हटलं, त्याचंच काम. डावीकडे आलो. दोन लहान नटांवर रेघ. मोठ्यावर नाही.

मंडळी, मी फिटरचा पोरगा आहे. रेघ नसण्याचा अर्थ मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. पण मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "रंग संपला वाटतं साल्याचा." आणि रागारागात चाक चढवलं. तो नट मी कसलेलाच नव्हता. पिन तशीच टूलबॉक्सच्या झाकणात पडून होती. माझ्या डोक्यात मात्र सहाच्या सहा झालेले होते.

रेघांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. आप्पांना कळलं तर पुन्हा तेच कीर्तन ऐकावं लागेल म्हणून.

सोमवारी सकाळी निघालो. साडेसातचा स्लॉट. आप्पा मागे आडवे, त्यांचं डोकं रेश्माच्या मांडीवर. श्वास जड झाला होता. कळंबोलीच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत अडकलो, तेव्हा मागून आवाज आला. बारीक, पण अगदी स्पष्ट.

"डाव्या चाकाचा मोठा नट रायलाय."

"आप्पा, गप बसा ना जरा! तुमाला काय दिसतंय तिथून?"

"ढिला हाय तो," ते म्हणाले. "म्हनून तर रेघ नाय मारली."

मी आरशातून मागे बघितलं. पाच रेघांचं मी कोणाला सांगितलंच नव्हतं... रेश्मालासुद्धा नाही. ती मागून म्हणाली, "कसली रेघ? अवो, गाडी थांबवा ना."

थांबवायला हवी होती. पाना डिकीत होता. पाच मिनिटांचं काम. पण घड्याळात सात वीस झाले होते, रांग हलली होती, आणि... खरं सांगतो, मी थांबलो असतो तर ते बरोबर ठरले असते. मी गिअर टाकला.

पुढच्याच स्पीडब्रेकरला डावं चाक निसटलं. गाडी कोपऱ्यावर बसली. कोणाला खरचटलंही नाही. फक्त आम्ही तिथेच राहिलो. मागे हॉर्नचा कल्लोळ, अँब्युलन्स त्याच जॅममध्ये अडकलेली. मी तिथे रस्त्यावर चाकाजवळ बसून त्या लोंबणाऱ्या गोळ्याकडे बघत होतो. अडीच तासांनी हॉस्पिटलला पोचलो, तोवर आप्पांच्या फुप्फुसात पाणी गेलं होतं. आयसीयूत तीन दिवस. शुद्धीवर आलेच नाहीत. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यांचं शरीर तसंही थकलेलं होतं." बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. नाही वाटलं.

शेवटची अंघोळ घालताना मी आप्पांची बोटं एकेक करून बघितली. नखांत कुठे पिवळा कण दिसतो का ते. सापडावा असं फार वाटत होतं हो. काही नव्हतं. स्वच्छ होती बोटं.

नंतर त्यांची ट्रंक उघडली. रंगाची डबी होती, पण आतला रंग वाळून दगड झालेला, ब्रश त्यातच घट्ट चिकटलेला. चुलतभाऊ त्या रविवारी सासुरवाडीला होता, पेणला. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात आमचं गेट दिसतं, तेही बघितलं. त्या अर्ध्या तासात कोणी आत आलेलं नाही. आणि आप्पा तर माझ्या डोळ्यांसमोर पलंगावर होते, एका पायाचे, भिंतीकडे तोंड करून. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा. मला सुचेल असं आता वाटत नाही, आणि सुचून तरी काय होणार?

गाडी टो करून आणली. डावा गोळा परत जागेवर बसवला, लहान नट सोडवावे लागले नाहीत. नवा मोठा नट टॉर्क रेंचने कसला, कट्ट वाजला, पिन घातली. बाकी पाच रेघा अजून तशाच आहेत, जराही पुसट झालेल्या नाहीत. पिवळ्या रंगाची नवी डबी आणून चाकाजवळ ठेवलीय. झाकण उघडंच ठेवतो. रोज कामावर जायच्या आधी खाली वाकून सहावा नट बघतो.

तो कोराच आहे. गाडी मी तेव्हापासून गेटबाहेर काढलेली नाही. रेश्मा एकदा वैतागून म्हणाली, "तुमीच मारा ना ती रेघ, आनि सोडा आता."

तिला कसं सांगू? कसणाऱ्याने रेघ मारायची नसते.